लांब केसांसाठी पहिला कंगवा घेताना

अगं, केस कमरेपर्यंत आलेत ना, मग बारीक दातांचा कंगवा आता भांग पाडण्यापुरताच ठेव. गुंता सोडवायला मोठ्या दातांचाच हवा. दोन दातांमध्ये साधारण पेन्सिल बसेल एवढी जागा असावी.

सीताबर्डीला घ्यायला गेलीस की रंग बघू नकोस, दातांच्या कडांवरून नख फिरव. साच्यात ओतलेल्या प्लास्टिकच्या कंगव्याला मधोमध बारीक शिवण राहते, तीच केस खरवडते. मी तर ओढणीचं टोक दातांतून ओढून बघते. धागा अडकला की कंगवा परत.

आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, हवा एकदम कोरडी. तेव्हा प्लास्टिकने केस चटचट करत उभे राहतात. म्हणून मला लाकडीच आवडतो, शिसमाचा किंवा कडुनिंबाचा. फक्त तो पाण्यात भिजत ठेवू नकोस. पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरव.

आणि न्हाल्या न्हाल्या विंचरायची घाई नको. ओला केस ताणला जातो, तुटतो. थोडे सुकू दे, मग शेंड्यापासून सुरुवात कर, वरचे केस मुठीत घट्ट धरून. मुळाशी ओढ बसत नाही.