युद्धात 'कामी आले' लिहावं का?

प्रश्न असा आहे: गावातून लढाईवर गेलेल्यांच्या नावांचा फलक नव्याने करायचा आहे. मसुद्यात 'युद्धात कामी आले' असं लिहिलं, तेव्हा बैठकीत एकाने हरकत घेतली, 'कामी येणं म्हणजे उपयोगी पडणं. माणूस काय अवजार आहे? शहीद लिहा.' शिवाय जे लढून परत आले त्यांना काय म्हणायचं?

हरकतीमागची कळकळ मला समजते, तरी मी 'कामी आले'च्याच बाजूने आहे.

'कामी' ही 'काम'ची जुनी सप्तमी, घरी, दारी, मार्गी यांच्या पंगतीतली. बखरींत 'कामास आले' असंही रूप भेटतं. 'शेजारी माझ्या कामी आला' म्हटलं तर तो उपयोगी पडला. 'पानिपतावर कामी आला' म्हटलं तर तो गेला. पहिल्या वाक्यात काम कुणाचं ते सांगितलं आहे. दुसऱ्यात ते सांगावंच लागत नाही. 'स्वराज्याच्या कामी आले' हे वाक्य या दोहोंच्या मधलं. तिथे उपयोगी पडणं आणि मरणं वेगळं काढताच येत नाही. मला वाटतं, अर्थाचा सांधा इथेच आहे. हिंदी-उर्दूतल्या 'काम आना'लाही हे दोन्ही अर्थ आहेत, म्हणजे ही काही मराठीची एकटीची तऱ्हा नव्हे.

रणातल्या मरणाला मराठीत शब्द पुष्कळ, आणि प्रत्येकाची बघायची जागा निराळी. 'पडले' म्हणणारा समोर उभा राहून पाहतो आहे. 'धारातीर्थी पडले' म्हणणाऱ्याला शस्त्राच्या धारेतच तीर्थ दिसतं. 'खर्ची पडले' हा मात्र हिशेबनीसाचा शब्द. पानिपतानंतरचा तो सांकेतिक निरोप आठवा: दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. भाऊसाहेब आणि विश्वासराव हे मोती, साधा शिपाई म्हणजे खुर्दा, चिल्लर. निरोप गुप्त ठेवायचा होता हे खरं, पण ते वाचताना मला दर वेळी त्या खुर्द्याचंच वाईट वाटतं. 'कामी आले' अशी प्रतवारी करत नाही. ते सरदारालाही लागतं आणि बारगिरालाही, म्हणजे सरकारी घोड्यावरच्या साध्या स्वारालाही.

'शहीद' मूळ अरबी. साक्ष देणारा हा त्याचा धात्वर्थ, 'शाहिद' म्हणजे साक्षीदार हा त्याचाच भाऊबंद. श्रद्धेसाठी प्राण देणं हा त्याचा गाभा. 'हुतात्मा' म्हणजे ज्याने स्वतःचीच आहुती दिली तो. मुंबईच्या हुतात्मा चौकात हा शब्द चपखल बसतो, कारण संयुक्त महाराष्ट्रासाठी गेलेली ती माणसं सैनिक नव्हती. सैनिकांसाठी 'शहीद'च्या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरू नये, असं भारतीय लष्करानेही २०२२ मध्ये आपल्या कार्यालयांना कळवलं होतं. तुम्ही 'शहीद' लिहिलंत तर कुणी चूक म्हणणार नाही, लोकांच्या तोंडी तो पक्का बसला आहे. पण घरचा शब्द असताना तो लाजून मागे का ठेवायचा?

आता परतलेल्यांचं. इथे भाषेचा हात आखडलेला दिसतो. 'जखमी' आहे, 'जायबंदी' आहे (तो बिचारा आता क्रिकेटच्या बातम्यांपुरता उरला), पण धडधाकट परतलेल्याला स्वतंत्र शब्द नाही. 'माजी सैनिक' हा सरकारी शब्द. फील्ड मार्शल करिअप्पा १४ जानेवारी १९५३ ला निवृत्त झाले, म्हणून त्या तारखेला माजी सैनिक दिन पाळतात. मराठी माणसाला ती तारीख पानिपताचीही, १४ जानेवारी १७६१. पण 'माजी' म्हणजे एकेकाळी होता, आता नाही. फलकावर तो शब्द मला रुचत नाही.

परतलेल्यांची दखल आपल्याकडे घेतली जात नव्हती असं मात्र नाही. अफझलखानाच्या प्रसंगानंतरची हकीकत बखरकार सभासदाने लिहिली आहे. शिवाजी महाराजांनी पडलेल्यांच्या मुलांना चालवलं, म्हणजे सांभाळलं, मुलगा नसेल तर बायकोला निम्मं वेतन, आणि जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत. पुढे कामी आलेल्यांच्या मुलाबाळांच्या नेमणुकीला 'बालपरवेशी' असा शब्दही रूढ झाला. पोरांसाठी शब्द घडला, परतलेल्या बापासाठी घडला नाही.

गावाने मात्र आपल्या परीने वाट काढली आहे. आमच्या साताऱ्याकडे पेन्शनीत आलेला माणूस मरेपर्यंत 'सुभेदार' किंवा 'हवालदार' राहतो. 'सुभेदार आलं का?' असंच पारावर विचारतात. नाव पुष्कळांना ठाऊकही नसतं. तेच फलकावर आणा. वर 'या गावातून लढाईवर गेलेले', त्याखाली दोन रांगा: 'रणात कामी आले' आणि 'लढून परत आले'. प्रत्येक नावाआधी हुद्दा असू द्या, साधा शिपाई असला तरी. दुसऱ्या रांगेतले पुढे घरी वारले असतील, पण त्यांच्या नावामागे 'कै.' लावू नका. त्या रांगेत ते परत आलेलेच आहेत.