95 डिग्री बघून घाबरू नका, आधी वॉट बघा

प्रश्न: पहिल्यांदाच स्वतः पीसी असेंबल करतोय. एएमडी कंपनीचा रायझन 7 7700एक्स प्रोसेसर घेतला, बॉक्समध्ये कूलर येतच नाही हे नंतर कळलं. मित्र म्हणतात 360चा लिक्विड कूलरच (पाणी फिरवून 360 मिमीच्या रेडिएटरमधून उष्णता बाहेर टाकणारा) टाक, नाहीतर 95 डिग्रीला जाऊन प्रोसेसर जळेल. कॅबिनेटच्या माहितीत कूलरची उंची जास्तीत जास्त 160 मिमी दिलीय. गेम्स आणि थोडं व्हिडिओ एडिटिंग करायचंय. काय घेऊ?

उत्तर: जळणार नाही, ही भीती आधी मनातून काढा. रायझन 7000मधल्या या एक्सवाल्या चिप बनवल्याच अशा आहेत की सगळे कोअर (चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) कामाला लागले की त्या स्पीड वाढवत वाढवत 95 डिग्रीपर्यंत जातात आणि मग तिथेच स्वतःला सांभाळून चालतात, एएमडीनेच ही मर्यादा ठरवलीय. त्यामुळे नुसता डिग्रीचा आकडा बघून कूलर चांगला की वाईट हे कळत नाही, चिप खाते किती वॉट ते बघायचं. बॉक्सवर 105 वॉट लिहिलंय पण फुल लोडला ती 142 पर्यंत जाते, गेममध्ये मात्र बरेचदा याच्या निम्म्याच्या आसपासच असते. आणि यातली बहुतेक उष्णता निघते कुठून, तर कोअर असलेल्या साधारण 70 चौरस मिलीमीटरच्या तुकड्यातून, म्हणजे नखाएवढ्या जागेतून! वरून मेटलचं जाड झाकण. तिथून उष्णता बाहेर यायलाच अडचण आहे, मग पुढे रेडिएटर कितीही मोठा लावला तरी फायदा थोडाच होतो.

म्हणून मी तरी तुम्हाला दोन टॉवरचा (धातूच्या पट्ट्यांचे दोन उभे गठ्ठे असलेला) एअर कूलरच सांगेन. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन 120 एसई बघा, सहा हीटपाइप (उष्णता वर नेणाऱ्या नळ्या), दोन फॅन, उंची 155 मिमी, तुमच्या कॅबिनेटमध्ये बसतो. नॉक्टुआचा एनएच-डी15 पण मस्त आहे पण तो 165 मिमी, कॅबिनेटच्या बाजूच्या झाकणाला अडकणार. रॅम कुठली घेताय तेही आत्ताच बघून ठेवा, कारण उंच हीटसिंकवाली (वर धातूचं उंच कव्हर असलेली) रॅम असली की पुढचा फॅन वर सरकवावा लागतो आणि तेवढीच कूलरची उंची वाढते, मग 155 चे 160 च्या वर कधी गेले ते झाकण लावतानाच कळतं. साधी बुटकी रॅम घ्या, स्पीडला काही फरक पडत नाही.

लिक्विड वाईट असतो असं नाही हं. इंटेलच्या आय9-14900के सारखा 253 वॉट खाणारा प्रोसेसर असता तर 360चाच घ्या म्हटलं असतं. पण त्यात पंप असतो, तो गेला की बहुतेकदा अख्खा कूलर बदलावा लागतो, एअर कूलरचा फॅन गेला तर नुसता 120 मिमीचा फॅन आणून लावायचा, बाकीचं मेटल वर्षानुवर्षं तसंच चालतं. वाचलेल्या पैशात कॅबिनेटला पुढून हवा आत घेणारे दोन चांगले फॅन लावा, आतली हवाच गरम असेल तर कूलर तरी काय करणार.

एडिटिंग करताना आवाज खटकला तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) 65 वॉटचा इको मोड, म्हणजे वीज कमी खाण्याची सेटिंग, लावून बघा, नावात 65 असलं तरी चिप 88 वॉटवर थांबते आणि स्पीड वाटतो तितका कमी होत नाही. आणि बसवताना कूलरच्या तळाला चिकटवलेली प्लास्टिकची फिल्म काढा, प्लीज, ही एक गोष्ट खूप जणांकडून राहते.

प्रश्न: एएम4 (एएमडीचं जुनं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा) वरचा जुना कूलर नव्या एएम5 सॉकेटच्या बोर्डवर चालेल का?

उत्तर: बहुतेक चालतो, भोकांची मापं तीच आहेत. फक्त एएम5 ची मागची प्लेट काढता येत नाही, त्यामुळे कूलर स्वतःची वेगळी प्लेट मागून लावणारा असेल तर बसणार नाही, अशा वेळी त्याच कंपनीचं एएम5 चं माउंटिंग किट मिळतं का बघा. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली जुनी थर्मल पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावा.