हाउसफुल्ल झाला तरी साडेबारा दिवस

तुमचे प्रश्न : संस्था, हिशेब आणि कार्यक्रम

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही मिरजेतल्या आठ बायका. इथल्या दवाखान्यांत लांबून, अगदी कर्नाटकातूनही पेशंट येतात. त्यांच्या नातेवाइकांना आम्ही रोज ६० डबे देतो. डबा ४० रुपयांना पडतो. पदरचे पैसे आता पुरेनात. पुण्याच्या एका नावाजलेल्या गायकाची मैफल ठेवून ३ लाख उभे करावेत असं ठरतंय. मानधन १ लाख २० हजार, सभागृह-साउंड-लाइट ४५ हजार, छपाई आणि पाहुण्यांची सोय १५ हजार. खुर्च्या ७००, तिकीट ३०० रुपये. संस्था अजून नोंदवलेली नाही. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : गायकाला फोन करून सुरुवात करू नका, एवढं आधी सांगते. तुमचेच आकडे मांडू. सातशेच्या सातशे खुर्च्या विकल्या तर २ लाख १० हजार. खर्च १ लाख ८० हजार. उरले ३० हजार. रोजचे डबे २,४०० रुपयांचे, म्हणजे हाउसफुल्ल जाऊनही साडेबारा दिवस भागले. आणि हाउसफुल्ल जाणार नाही. सांगली-मिरजेला नाटकाची आणि गाण्याची आवड आहे तेवढीच पासाची पण आहे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ नाटक सांगलीत केलं, तेव्हापासून आपण रसिक; आणि रसिकाकडे तिकीट मागायचं म्हणजे आपल्यालाच चोरट्यासारखं होतं. शंभर खुर्च्या पासात गेल्या की तुमचे ३० हजार गेले.

समजा ३ लाख मिळाले, तरी ते १२५ दिवस पुरतील. पुढे? डबा रोज जातो, मैफल रोज होत नाही. तेव्हा मैफलीतून पैसे काढण्यापेक्षा तिथे दिवस वाटा. देवळात अन्नदानाची तिथी बांधतात तसं. एका दिवसाचे डबे २,४०० रुपये : आईचा स्मृतिदिन, नातवाचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, ज्याला जो हवा तो. सभागृहाच्या दारातच ३६५ घरांचा मोठा फळा लावा. लोक तारखेवर नाव घालतील, पुढच्या वर्षी त्याच तारखेला तुम्ही आठवणीचा फोन करायचा. पण फळा कोरा ठेवू नका. कोऱ्या फळ्यावर पहिलं नाव लिहायला कुणीच धजत नाही. तुम्ही आठजणींनी आपापल्या ओळखीच्या पंधरा-पंधरा घरी आधीच जा. चाळीस-पन्नास घरं भरलेली दिसली की बाकीचे आपणहून पेन मागतात. माझ्या अनुभवात निधी पडदा उघडण्याआधी जमतो. कार्यक्रमाच्या दिवशी राहिलेले लोक येतात.

खर्चाचं म्हणाल तर तो तिकिटातून काढायचाच नाही. सभागृहाचं भाडं एकाने, छपाई प्रेसवाल्याने, साउंड आणखी कुणी, असं आधी कबूल करून घ्या आणि मगच तिकीट छापा. खर्च उचलायला माणूस मिळेना, तर कार्यक्रम लहान करा. पुण्याचा गायक आणायचा हट्ट सोडा. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ज्या गावात राहिले, जिथल्या सतारमेकर गल्लीत अजून तंबोरे घडतात, तिथे गाणारं माणूस मिळणार नाही होय? फक्त तबलजी-पेटीवाल्यांना ‘चांगलं काम आहे, फुकट वाजवा’ म्हणू नका. त्यांचं पोट त्यावर आहे. थोडं का होईना, पाकीट द्या. परत द्यायचं असेल तर ते स्वतः देतील.

तारीख जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत धरा. तोवर बऱ्याच शेतकऱ्यांच्या हातात उसाचं बिल आलेलं असतं, सांगलीच्या मार्केट यार्डात नव्या हळदीचे सौदे सुरू झालेले असतात. पुढे परीक्षा लागल्या की घरातून कुणी हलत नाही. पावसाळ्यात तर विचारच नको. २०१९ आणि २०२१ चा पूर कृष्णाकाठ विसरलेला नाही.

मध्यंतरात बटाटेवडा ठेवू नका, तुमचाच डबा ठेवा. तीच भाकरी, तीच आमटी, त्याच ४० रुपयांत. कशासाठी पैसे मागताय ते जिभेला कळेल. पेशंटला किंवा नातेवाइकांना मात्र स्टेजवर उभं करू नका, त्यांचे फोटोही लावू नका. सत्कार दोन, भाषण एक, तेही पाच मिनिटांचं. हे ठरलंय असं मान्यवरांना आधीच सांगा. रागावणारे रागावतील.

आता कागद. नोंदणी नसताना लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाकडे जायला हवं. गणेश मंडळं घेतात ती कलम ४१-सी खालची परवानगी. क्यूआर कोड एकीच्या खासगी खात्याचा लावू नका, दोघींच्या सहीचं वेगळं खातं काढा. देणाऱ्याला आयकरात सवलत मिळवून देणारी ८०-जीची पावती तुम्हाला आज देता येत नाही, तेव्हा कुणाला तसा शब्दही देऊ नका. ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, ती काळजी सोडा. कार्यक्रमानंतर आठ दिवसांत जमा-खर्चाचा एक कागद प्रत्येक देणाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. पेट्रोलचे पैसेही त्यात दिसू देत.

प्रश्न : आमच्या ट्रस्टला ८०-जी आहे. शाळेच्या मदतीसाठी हौशी कलाकारांचं नाटक लावतोय. तिकीट घेणाऱ्यांना करसवलत मिळेल का?
– एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : नाही. त्याने पैसे दिले, खुर्ची घेतली, नाटक पाहिलं. ती देणगी नव्हे. तिकिटांचा आणि देणग्यांचा हिशेब निराळा, पावतीपुस्तकं निराळी. देणगी रोख आणि २,००० रुपयांच्या वर असेल तर सवलत जाते, म्हणून मोठी रक्कम चेकने किंवा ऑनलाइनच घ्या. पॅन त्याच वेळी लिहून घ्या. नंतर फोन करत बसावं लागतं. नवी करप्रणाली निवडलेल्याला ही सवलत नाहीच, तेव्हा ‘टॅक्स वाचेल’ हे निमंत्रणावर मोठ्या अक्षरात छापू नका. आणि लेखकाची लेखी परवानगी, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं (म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं) प्रमाणपत्र हे दोन्ही कागद तालमी सुरू करण्याआधी फायलीत लावा. सभागृह बुक करताना तेच आधी मागतील.