सिंधरोटला जोडीनं सायकलवर जायचंय?

तुम्ही आणि वहिनी पहिल्यांदाच निघताय, तर आजवा तलावाचा बेत राहू द्या. आधी बडोद्याहून सेवासीवरून महीकाठचं सिंधरोट. मही नदीपर्यंतचा रस्ता बहुतेक सपाट आहे, गिअर नसलेली सायकलही चालते. उजाडताच निघा. रस्ता पश्चिमेकडे जातो, त्यामुळे जाताना ऊन पाठीवर. परतताना मात्र सूर्य थेट डोळ्यांत येतो. टोपी किंवा गॉगल घ्याच.

वहिनींच्या सायकलची सीट आदल्या संध्याकाळी बघून घ्या. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवायची, पेडल अगदी खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. नवशिक्यांची सीट हमखास खाली असते, पाय जमिनीला टेकावेत म्हणून, आणि मग गुडघे कुरकुरायला लागतात.

पुढे कोणी राहायचं? जो हळू चालवतो त्यानं. तुम्ही पुढे असलात की नकळत वेग वाढतो आणि मागचं माणूस धापा टाकत गप्प राहतं. (नवरेमंडळींना हे लवकर पटत नाही.) गाड्यांची वर्दळ असेल तिथे एकामागे एक, शेजारीशेजारी गप्पा मोकळ्या रस्त्यावरच. इअरफोन नकोतच.

सेवासीला विद्याधर वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर आहे, १५४३ सालची. उतरून बघा, पाचेक मिनिटं सावलीत टेका. सिंधरोटला पाण्यात मात्र उतरू नका, महीचा तळ फसवा आहे. आणि सेव-उसळ घराजवळ पोहोचल्यावरच. वाटेत तर्री ओरपून पुन्हा पेडल मारायचं म्हणजे शिक्षाच.