जुनी फोर-व्हील वॅगन चिखलात घालण्याआधी

लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान), जाड टायर वगैरे नंतर बघू. आधी गाडीखाली शिर. सम्प (इंजिनाखालची ऑइलची टाकी), सायलेन्सर, मागचा डिफरेन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी) किती खाली आहेत ते बघ. वॅगन तिथेच घासते.

सुरुवातीच्या सुबारू लिओनीसारख्या पार्ट-टाइम गाडीत, म्हणजे लिव्हर लावल्यावरच चारही चाकांना ताकद मिळते अशा गाडीत, पुढच्या-मागच्या चाकांमधला डिफरेन्शियल नसतो. त्यामुळे कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावायचंच नाही. वळताना पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, तो ताण शाफ्ट-गिअरमध्ये साठतो आणि लिव्हर जाम होतो. असं झालंच तर थोडं सरळ रिव्हर्स घे, बहुतेकदा सुटतो.

वाळूत हवा १८ पीएसआयपर्यंत उतरव. परत भरायला पंप हवाच. चाकं जागच्या जागी फिरायला लागली की अ‍ॅक्सिलरेटर सोड. रेटत राहिलास तर गाडी पोटावर बसेल, मग फावडं आणि तू. ओढायचा हूक कुठे आहे ते मात्र घरीच शोधून ठेव.