आधी जमिनीचा हिशेब कर

अरे, जमिनीतली ऊब वापरून घरं तापवायच्या-गार करायच्या तुझ्या प्रस्तावात आइसलँडच्या रेक्याविकचं उदाहरण पहिल्याच पानावर नको टाकूस. तिथं १९३० पासून गरम झऱ्याचं पाणी घरं तापवतंय. आपल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागाखाली तसा झरा नाही. इथं कामाची गोष्ट वेगळीच. दहा-पंधरा मीटर खाली जमीन बारा महिने साधारण २५-२६ अंशांवर असते. जानेवारीच्या रात्री हीट पंप (उष्णता इकडून तिकडे नेणारं यंत्र) जमिनीत बोअर पाडून सोडलेल्या पाइपांतून ती ऊब वर आणतो, मे महिन्यात घरातली उष्णता खाली सोडतो. गोम इथेच आहे: आपला उन्हाळा लांब, म्हणजे काढशील त्याहून जास्त उष्णता ओतशील आणि काही वर्षांत बोअरभोवतीची जमीनच तापेल. बोअरमधलं अंतर त्या हिशेबानं ठरव. जुन्या गल्ल्यांचा नाद सोड (आमच्याकडे टेम्पोसुद्धा अडकतो, बोअरचं यंत्र कुठून शिरणार). नव्या वसाहतीत रस्ते होण्याआधीच पाइपांची जागा राखून ठेव.