योगवर्ग आणि ‘मी’: वाचकांची प्रश्नोत्तरे

दोन वर्षं रोज पहाटे आसनं करतोय. पण बायको म्हणते, ‘तुम्ही हल्ली दिसेल त्याला शिकवत सुटता.’ योगाने अहंकार कमी व्हायला हवा ना? (विलेपार्ले)

तुमच्या पत्नींचं म्हणणं मनावर घ्या, त्यांना दिसतंय ते खरं असू शकतं. जर्मनीतल्या संशोधकांनी २०१८ साली नेमकं हेच तपासून प्रसिद्ध केलं. ९३ योगाभ्यासींकडून १५ आठवडे प्रश्नावल्या भरून घेतल्या. नुकताच वर्ग झालेला असताना ‘मी इतरांपेक्षा सरस’ ही भावना वाढलेली आढळली. ध्यान करणाऱ्या १६२ जणांचंही तेच. त्यांना बरंही वाटत होतं, हेही खरं. ज्यात आपण घाम गाळतो ते ‘माझं’ वाटू लागतं. गाण्यात होतं तसं योगातही होतं.

दादरच्या माझ्या वर्गात मी हे रोज बघते. पश्चिमोत्तानासनात कपाळ गुडघ्याला टेकलं, की मान किंचित वळते, शेजारचा कुठवर पोचलाय ते बघायला. मी रागावत नाही. एवढंच विचारते, ‘श्वास कुठे आहे?’ बहुतेक वेळा तो अडकलेला असतो.

आपल्याकडे हे जुनंच दुखणं आहे. पतंजलींनी पाच क्लेश, म्हणजे मनाला छळणारे दोष, सांगितले, त्यात अविद्येच्या, म्हणजे अज्ञानाच्या, पाठोपाठ अस्मिता, म्हणजे ‘मी’पणा, ठेवली. चांगदेवांची गोष्ट तर घरोघरी माहीत आहे. वाघावर बसून आले एवढं योगबळ, पण ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला घेतलं तर मायनाच सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद, की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार? कागद कोराच गेला. ‘मोठा कोण’ इथेच सगळी साधना अडली होती.

तुम्ही आसनं सोडू नका. फक्त दोन महिने, कुणी विचारल्याशिवाय योगाबद्दल एक शब्द बोलू नका. मग पत्नींनाच विचारा, काही फरक पडला का.

इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. ‘मी’ असं काही नसतंच, हे पटलं. आता ऑफिसात साहेब माझं काम दुसऱ्याच्या नावावर दाखवतात तरी मी गप्प बसते. हे वैराग्य म्हणायचं का? (लालबाग)

नाही, ताई. हा भिडस्तपणा आहे, त्याला वैराग्याचं नाव देऊ नका. कायम टिकणारा ‘मी’ सापडत नाही, ही अनात्माची शिकवण. आपला हक्क सोडून द्या, असं त्यात कुठेही नाही. ‘हा अहवाल मी केला’ ही साधी माहिती आहे. ती सांगण्यात अहंकार कसला? शिबिरात संवेदना बघायला शिकलात ना? मग साहेबांसमोर उभ्या राहा, छातीतली धडधड, तळहाताचा घाम बघत राहा आणि बोला. माझ्या मते तुमचं खरं ध्यान तिथेच आहे.

मुलगा तासन्‌तास ध्यानाला बसतो. झोप उडालीय. म्हणतो, ‘हे शरीर माझं वाटतच नाही.’ ही प्रगती समजायची का? (बोरिवली)

मुळीच नाही. ध्यान आजच थांबवा आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. मानसिक आरोग्यासाठी सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा नंबरही आहे. गुरुजींना नंतर विचारता येईल.

मग अहंकार उतरवणारं नेमकं आसन कोणतं? (गिरगाव)

असं आसन मला माहीत नाही. पण आमच्या वर्गात एक निवृत्त काका येतात. गुडघ्यामुळे निम्मी आसनं खुर्चीवर बसून करतात. नवीन कुणी आलं की पंख्याखालची आपली जागा त्याला देतात आणि वर्ग सुटला की न सांगता सगळ्यांच्या सतरंज्या गुंडाळून ठेवतात. गेली सहा वर्षं मी हे बघतेय. येत्या सोमवारपासून तुम्हीही तुमच्या वर्गात शेवटच्या ओळीत, आरशापासून लांब बसून बघा. सतरंज्या तिथेही असतीलच.